बाबांच्या डीबीएससाठी प्लॉट विकावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वाचक भगिनी पुण्यात आयटीत नोकरी करतात, आई-वडील कराडला असतात. वडील ६६ वर्षांचे, जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, ९ वर्षांपासून पार्किन्सन्स. गोळी घेतली की अडीच-तीन तास बरे जातात, मग शरीर आखडतं आणि पुढची गोळी लागू होईपर्यंत ते खुर्चीतून हलत नाहीत. दिवसाचे पाच-सहा तास असे जातात. डॉक्टरांनी डीबीएस म्हणजे डीप ब्रेन स्टिम्युलेशनचं ऑपरेशन सुचवलंय. खर्चाचा अंदाज साध्या बॅटरीसह साडेदहा लाख, चार्ज होणाऱ्या बॅटरीसह १५ लाख. घरात आहे ते असं: पेन्शन ३६ हजार, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत १५ लाख, एफडी साडेसहा लाख, ११ वर्षांपूर्वी घेतलेली ५ लाखांची मेडिक्लेम, कराडजवळ वडिलांच्या नावावर ३ गुंठ्यांचा एनए प्लॉट, किंमत साधारण २४ लाख. शिवाय वाचकाचे म्युच्युअल फंडात ४ लाख आणि पीएफ. भाऊ म्हणतो, ‘डोक्याला भोक पाडण्यापेक्षा ६ लाखांत स्टेम सेल करू, पैसे मी देतो.’ आई ६१ वर्षांची, तिला काही आजार नाही. प्लॉट विकावा, पीएफ काढावा, की भावाचं ऐकावं?

सप्रेम नमस्कार.

माझं मत आधी सांगतो, कारणं मागून येतील. प्लॉट आत्ता विकू नका. पीएफ आणि ज्येष्ठ नागरिक योजना यांना हात लावू नका. स्टेम सेलला, म्हणजे मूळपेशी टोचण्याच्या उपचाराला, एक रुपयाही देऊ नका. ऑपरेशन बाबांना योग्य आहे असं मेंदूविकारतज्ज्ञ तपासून म्हणाले, तर ते करा, आणि जमलं तर तुमच्या कंपनीच्या विम्याचं नूतनीकरण झाल्यावर करा.

ऑपरेशन करावं की नाही हे ठरवणारा मी कोणी नाही. पण १५ लाख घालून नेमकं काय विकत घेतोय, हे पैसे देणाऱ्याला कळलं पाहिजे. या ऑपरेशनात मेंदूत दोन बारीक तारा बसवतात आणि छातीवर कातडीखाली बॅटरी, तिच्यातून मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह जात राहतो. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे डॉ. बेनाबिद यांनी १९८७ साली हे तंत्र सुरू केलं, म्हणजे ते काही कालचं नाही. अमेरिकेत २५५ रुग्णांवर झालेली चाचणी २००९ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना डीबीएस, निम्म्यांना उत्तम औषधोपचार. सहा महिन्यांनी डीबीएसच्या गटाला दिवसातला चांगला वेळ, म्हणजे ना आखडणं ना नको त्या हालचाली असा वेळ, सरासरी ४.६ तास जास्त मिळाला. औषधांच्या गटात तो वाढलाच नाही. त्याच चाचणीत डीबीएसवाल्या ४० टक्के लोकांना गंभीर म्हणावी अशी काही ना काही गुंतागुंत झाली, औषधांच्या गटात ११ टक्क्यांना. बहुतेक त्रास पुढच्या महिन्यांत बरे झाले, पण ‘शंभर टक्के सेफ’ असं कोणी सांगत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

दुसरी बाजूही सांगतो. ग्रनोबलच्याच ४९ रुग्णांचा ५ वर्षं पाठपुरावा झाला. गोळी न देता तपासल्यावर हालचालींतली सुधारणा ५ वर्षांनीही निम्म्याहून जास्त टिकलेली होती. मात्र बोलणं, तोल आणि चालताना पाय जमिनीला चिकटणं यात गोळ्या चालू असूनही घसरण होत गेली. म्हणजे आजार थांबत नाही. जे गोळीने सुधारतं तेच डीबीएसने सुधारतं, फक्त दिवसभर सलग. तुम्ही लिहिलंय की गोळी लागू झाली की बाबा स्वतः अंघोळ करतात, पेपर वाचतात. पैशांच्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं मला हे सर्वांत महत्त्वाचं वाक्य वाटलं. मुख्य तक्रार तोल जाऊन पडण्याची किंवा विसरण्याची असती, तर मी तुम्हाला पैसे राखून ठेवायला सांगितलं असतं. गोळी बंद ठेवून आणि मग देऊन करतात ती तपासणी आणि स्मरणशक्तीची चाचणी, हे दोन्ही रिपोर्ट हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स भरू नका.

आता दादांचं. त्यांचा हेतू चांगला आहे आणि खिसाही मोकळा आहे, म्हणून जरा सविस्तर. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा बाकी सगळा वापर प्रायोगिक आहे. तो फक्त मान्यताप्राप्त चाचणीत करायचा, आणि त्या चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्यामुळे ६ लाखांचं ‘पॅकेज’ म्हटलं की तिथेच विषय संपतो. पार्किन्सन्सवर पेशींचं खरं संशोधन चालू आहे. एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये दोन प्राथमिक चाचण्या प्रसिद्ध झाल्या, एका चाचणीत १२ रुग्ण आणि क्योटोच्या चाचणीत ७. तिथे डोपामिन, म्हणजे पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडणारं रसायन, बनवू शकतील अशा पेशी प्रयोगशाळेत तयार करून मेंदूत शस्त्रक्रियेनेच सोडल्या, आणि मुख्य प्रश्न होता की हे सुरक्षित आहे का. दादांना मिळालेल्या पत्रकात कंबरेतून बोन मॅरो काढून मणक्यात टोचणार असं आहे. त्याचा या संशोधनाशी फक्त नावापुरता संबंध. मेडिक्लेमही याला पैसे देणार नाही. पण एक गोष्ट या निमित्ताने कळली, की दादा ६ लाख घालायला तयार आहेत. ते तसेच राहू द्या, खाली उपयोगी पडतील.

मला या सगळ्यात वेगळीच काळजी वाटते. तुमच्या तीन पानी पत्रात आईचा उल्लेख दोनदा आलाय, एकदा वयासाठी आणि एकदा ‘आईच सगळं बघते’ म्हणून. हे ‘सगळं’ उद्या विकत घ्यायचं झालं तर? कराडला ब्यूरोकडून दिवसपाळीचा माणूस ठेवायला महिना २२ हजार सांगतात, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार, आणि रात्रीचं वेगळं. चार वर्षांत ऑपरेशनच्या साध्या बॅटरीच्या बिलाएवढे पैसे. आज हा खर्च दिसत नाही, कारण तो आईच्या पाठीतून आणि झोपेतून जातो.

आपल्याकडचा आरोग्य विमा खाट आणि ऑपरेशन थिएटर यांच्याभोवती बेतलेला आहे. मेंदूचे बरेचसे आजार मात्र घरात, वर्षानुवर्षं काढले जातात. भारतातल्या एकूण आजारभारात, म्हणजे आजारांनी हिरावलेल्या निरोगी वर्षांत, असंसर्गजन्य मेंदूविकारांचा वाटा १९९० साली ४ टक्के होता, २०१९ मध्ये तो ८.२ टक्के झाला. घरी लागणाऱ्या माणसाचा पगार मात्र नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बसत नाही. तो तुमच्याच जमाखर्चात बसवावा लागतो.

तुमचा जमाखर्च मी मांडून पाहिला. पेन्शन ३६ हजार, ज्येष्ठ नागरिक योजनेचं ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजार. एकूण सव्वाशेहेचाळीस. घरखर्च, औषधं, फिजिओथेरपी मिळून तुम्ही ३८ हजार सांगता. आज आठेक हजार उरतात. दिवसपाळीचा माणूस आला की महिन्याला १४ हजारांची तूट. ज्येष्ठ नागरिक योजना मोडलीत तर तूट २४ हजारांवर जाते, शिवाय दोन वर्षं उलटलेली असल्याने मोडताना ठेवीच्या १ टक्का, म्हणजे १५ हजार कापले जातात, आणि थोडे काढून बाकीचे ठेवायची सोय नाही. ही ठेव म्हणजे पुढच्या मदतनिसाचा पगार आहे असंच समजा. प्लॉटही त्याच कामाचा: तूट सुरू झाली की सावकाश, मनासारखं गिऱ्हाईक बघून विकायचा. ऑपरेशनची तारीख ठरली आहे हे कळलं की गिऱ्हाईक गुंठ्यामागे पन्नास हजार तरी पाडून मागणारच.

यातच ऑपरेशनचा पैशातला फायदा आहे. रोजचे चार तास बाबा स्वतःचं स्वतः करू लागले आणि त्यामुळे दिवसपाळीचा माणूस तीन-चार वर्षं पुढे ढकलला गेला, तर ८ ते १० लाख वाचतात, आणि आईची तब्येत टिकते ती वेगळीच. याची हमी नाही. पण औषधं कमी होतील म्हणून ऑपरेशन परवडेल, असं जे तुम्हाला कोणी सांगितलंय त्यापेक्षा हा हिशेब खरा आहे. औषधं बऱ्याच रुग्णांत एक-तृतीयांश ते निम्म्याने कमी होतात. तुमच्या ४,२०० रुपयांतले फार तर दोनेक हजार वाचतील. त्यावर १५ लाख फिटत नाहीत.

विम्याकडे वळू, इथे तुमचे सर्वांत जास्त पैसे वाचू शकतात. विमा नियामकाने २०१९ मध्ये ‘आधुनिक उपचारां’ची यादी केली आणि ते वगळता येणार नाहीत असं कंपन्यांना बजावलं. डीबीएस त्या यादीत आहे. मात्र कंपनीला वरची मर्यादा घालता येते, आणि बऱ्याच पॉलिसींत ती असते. पॉलिसीच्या छापील पुस्तिकेत ‘मॉडर्न ट्रीटमेंट’ शोधा, सहसा कोष्टकात असतं. समोर विमा रकमेच्या ५० टक्के असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला ५ लाख नव्हे, अडीच लाख मिळतील. मी पुढे अडीचच धरले आहेत. पॉलिसी आजार कळायच्या आधीची आणि ११ वर्षं सलग आहे, त्यामुळे आधीपासूनचा आजार म्हणून अडवणूक व्हायचं कारण नाही. हॉस्पिटलच्या टीपीए डेस्ककडून, म्हणजे विम्याचं काम बघणाऱ्या खिडकीवरून, पूर्वमंजुरी लेखी घ्या आणि तीत यंत्राची किंमत वेगळी दाखवायला सांगा. खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की बाकीच्या बिलातही त्या प्रमाणात कात्री लागते. ही कात्री यंत्राच्या आणि औषधांच्या किमतीला लावायची नाही असा नियम आहे, तरी बिलात लावलेली दिसते. दिसली तर तिथल्या तिथे हरकत घ्या. शेअरिंग खोली घेतलीत तर हा वादच येणार नाही.

आता तुमच्या कंपनीचा विमा. दोन महिन्यांनी त्याचं नूतनीकरण आहे आणि आई-वडिलांना घ्यायचा हप्ता २८ हजार ‘जास्त वाटला’ म्हणून तुम्ही त्यांना घेतलं नव्हतं. बहुतेक ग्रुप पॉलिसींत आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. एचआरला ईमेल टाका आणि चार गोष्टी लेखी विचारा: आई-वडिलांना आता घेता येईल का, आधीचा आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, डीबीएसला मर्यादा किती, आणि आई-वडिलांच्या क्लेममध्ये आपला हिस्सा किती टक्के. मर्यादा निम्म्याची आणि आपला हिस्सा २० टक्के असला, तरी ५ लाखांच्या विम्यावर २ लाख मिळतात. २८ हजार भरून २ लाख. डीबीएस हे तातडीचं ऑपरेशन नाही, दोन महिने थांबलेलं चालेल का ते डॉक्टरांना विचारा. बहुधा हो म्हणतील. नोकरी सुटली की हा विमा जातो, हेही धरून चाला.

आईला मात्र स्वतंत्र पॉलिसी हवी, याच महिन्यात. ती आज निरोगी आहे, हीच तिची विमा घ्यायची वेळ. सध्याच्या फ्लोटरमधले, म्हणजे दोघांच्या एकत्र मेडिक्लेममधले पैसे बाबांच्या क्लेममध्ये संपले आणि त्याच वर्षी आईचं काही निघालं तर हात रिकामे. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, तेवढाच हप्ता हलका.

बॅटरीचं गणित मजेशीर आहे. साधी बॅटरी ३ ते ५ वर्षांनी बदलावी लागते. तुमच्या हॉस्पिटलने बदलीचे आजचे साडेचार लाख सांगितलेत. दोन्ही अंदाजांतला फरकही साडेचार लाखच आहे. बाबा ८ वर्षांहून जास्त काळ यंत्र वापरतील असं धरलं, तर दोन बदल्या येतात आणि चार्ज होणारी स्वस्त पडते. पण प्रत्येक बदलीला मेडिक्लेम पुन्हा अडीच लाख देणार असेल, तर तुमच्या खिशातून दोनच लाख जातात आणि दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे होतात. मग ठरवायचं कशावरून? माझा कल चार्ज होणाऱ्या बॅटरीकडे. ८ वर्षांनी बाबा ७४, आई ६९, घरात बहुधा मदतनीस ठेवलेला, आणि त्यात पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा जंतुसंसर्गाची भीती, पुन्हा पैसे जमवाजमव. आज तुम्ही दोघं कमावते आहात. अट एकच. छातीवर चार्जर लावून नियमित बसवण्याचं काम आईला जमलं पाहिजे. यंत्राच्या कंपनीच्या माणसाकडून डेमो सेट मागवा आणि आईला स्वतःच्या हाताने लावून बघू द्या. तिला ते झेपत नसेल तर साधी बॅटरी घ्या, मनात काही ठेवू नका.

पैसे असे उभे करा. मेडिक्लेम अडीच लाख, दादांचे ६ लाख, एफडीतून साडेतीन, तुमच्या म्युच्युअल फंडातून ३. झाले १५. एफडीत ३ लाख शिल्लक राहतात. त्यातले साठेक हजार पहिल्या सहा महिन्यांसाठी बाजूला ठेवा, कारण यंत्राचं सेटिंग एका फेरीत लागत नाही, कराड-पुणे अनेकदा करावं लागेल. कंपनीच्या विम्यातून जे काही येईल ते आधी एफडीत परत टाका. पॅकेजमध्ये दोन्ही तारा, बॅटरी, एमआरआय, घरचा रिमोट आणि पुढच्या सेटिंगच्या भेटी येतात का हे लिहून घ्या. मुंबईच्या केईएममध्ये किंवा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत दुसरं मत घ्यायला हरकत नाही. यंत्राची किंमत तिथे फारशी बदलणार नाही, बाकीचं बिल बदलेल.

प्लॉट आत्ता विकला असता तर काय झालं असतं तेही सांगतो. २००४ साली २ लाख १० हजारांना घेतलेला प्लॉट २४ लाखांना गेला, तर नफ्यावर १२.५ टक्क्यांनी पावणेतीन लाखांच्या आसपास कर, वर उपकर. महागाई निर्देशांक लावून २० टक्क्यांनी केलं तर त्याहून जास्त भरतो. दलाली वेगळी. बॅटरीचे जादा साडेचार लाख उभे करायला अडीच-तीन लाखांचा कर, हे काही शहाणपणाचं नाही.

आयकराच्या सवलतींबद्दल तुम्ही बरंच विचारलंय, पण तिथे हाती फारसं लागणार नाही. ८०डीडीबी कलमाची, म्हणजे ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची, ज्येष्ठांसाठीची १ लाखाची वजावट पार्किन्सन्सला लागू होते. मात्र ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं, जुनी करप्रणाली हवी आणि रुग्ण तुमच्यावर अवलंबून हवा. बाबांना स्वतःची पेन्शन आहे आणि त्यांच्या उत्पन्नावर तसाही कर बसत नाही. सीएला एकदा विचारा आणि विषय सोडून द्या.

राहिलं ते सह्यांचं, आणि हे ऑपरेशनच्या आधी उरका. तुम्ही पाठवलेल्या चेकच्या फोटोत बाबांची सही मूळ नमुन्याच्या निम्मी झाली आहे आणि शेवटची अक्षरं एकमेकांत गेली आहेत. पार्किन्सन्समध्ये अक्षर असंच बारीक होत जातं. बँकेने एक चेक परत पाठवलाय, पुढचेही येतील. शाखेत जाऊन नवा नमुना द्या, अंगठ्याची सोय नोंदवून घ्या, पेन्शनचं खातं आईबरोबर ‘दोघांपैकी कोणीही’ असं करून घ्या. तुम्ही मुखत्यारपत्र करून ठेवायचं म्हणताय. ते करा, पण त्यावर विसंबू नका. बाबांची समज गेली तर १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते आपोआप संपतं, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज असते त्याच दिवशी. मग पालकत्वासाठी न्यायालयात जावं लागतं. सिडनीतल्या एका दीर्घ अभ्यासात आजाराची २० वर्षं काढलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आढळला. गट लहान होता, आणि बाबांची ९ वर्षं झाली आहेत, घाबरायचं कारण नाही. पण प्लॉटचं काय करायचं हे आज बाबा स्वतः सांगू शकतात. नोंदणीकृत मृत्युपत्र करा, त्याला डॉक्टरांचा मनःस्थिती चांगली असल्याचा दाखला जोडा, आणि प्लॉट आईच्या नावे जाईल असं सुचवून बघा. बाबांच्या पश्चात तिला मिळणारी कुटुंब पेन्शन साधारण २१-२२ हजारांच्या घरात असेल, आणि तिच्यासमोर कदाचित आणखी २५ वर्षं आहेत.

एचआरचं उत्तर आणि पॉलिसीचं ते कोष्टक आलं की मला पाठवा. अडीच लाखांचा आकडा बदलला तर एफडीतून किती काढायचे ते पुन्हा मांडू. दादांशी मी बोलायला हवं असेल तर रविवारी सकाळी फोन करायला सांगा.